सुलभक नको तर काय म्हणायचं? (आदिवासी पोरापोरींचे गट चालवणाऱ्यांसाठी शब्द हवाय)

मोहफूल:
मंडळी, एक शब्द अडलाय आणि त्यापायी सगळी हस्तपुस्तिका अडून बसलीय. एटापल्ली भागात आम्ही गावातल्याच शिकलेल्या पोरापोरींना ट्रेनिंग देतो, म्हणजे त्यांनी पुढे आपापल्या टोल्यावर (पाड्यावर) वयात आलेल्या मुलामुलींचे गट चालवायचे, त्यात आरोग्य, ग्रामसभेचा कारभार, जंगलाची माहिती, दहावी-बारावीनंतर काय, मिरची तोडायला तेलंगणात जायचं तर काय काळजी घ्यायची असं सगळं युवा विकास म्हणून येतं. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, त्यात या माणसाला फॅसिलिटेटर म्हटलंय. सरकारी ट्रेनिंगांमध्ये सुलभक म्हणतात म्हणून मीही तेच घातलं. कच्ची प्रत सगळ्यांसोबत वाचायला बसलो, "सुलभकाने गट पाडावेत, सुलभकाने मधे मधे बोलू नये" असं करत दोन पानं झाली आणि एका माडिया मुलीनं विचारलं, ताई, हे सुलभक कधी येणार, त्यांचं जेवण धरायचं का? तिला वाटलं गडचिरोलीहून कोणी साहेब येतोय. ते पान तिच्याबद्दलच होतं!

प्रशिक्षक सुचवू नका प्लीज. इकडे पोरं पोलीस भरतीची तयारी करत असतात, त्यांना प्रशिक्षक म्हणजे शिट्टी घेऊन मैदानावर पळवणारे सर. शिक्षक तर नकोच, आश्रमशाळेतून सुटून आलेली असतात बिचारी.

निवृत्त मास्तर:
ताई, सुलभक शब्दाला एवढ्यात टाकून देऊ नका. आमची नोकरी लागली तेव्हा ट्रेनिंगला तज्ज्ञ मार्गदर्शक यायचे, मग साधन व्यक्ती आले, मग प्रवीण प्रशिक्षक, मग सुलभक. प्रत्येक शब्द आला तेव्हा शाळेशाळेत कुरकुर झाली आणि सवयीनं रुळला. दिनांक आणि महापौर हे शब्दसुद्धा एके काळी बनवूनच आणले होते, आज कोणाला खटकतात का? त्या मुलीला शब्द समजावून सांगा, ती शिकेल. आदिवासी मुलांना अवघड शब्द झेपत नाहीत असं धरून चालणं मला पटत नाही, मी भामरागडला काढलेल्या वर्षांत उलटंच पाहिलंय.

दर्यापूरचा:
मास्तर, झेपाचा प्रश्नच नाही. सुलभ म्हटलं का आमच्या इकडच्या पोट्ट्याईले स्टँडवरचं संडास आठोते, हे हसन्यावारी नेऊ नका, खरं सांगून राहिलो. नवीन पोरगी पयल्यांदा गटासमोर उभी राह्यते, तिचे पाय लटलट कापून राह्यले असते, अन् तिच्या पदाच्या नावावरच पोट्टे फिदीफिदी हासले तं थे दुसऱ्या दिवशी येईन काय? दादा नाहीतं ताई म्हना न बापा, काहून एवढं खोलात जाता. गटात तसंही तेच म्हन्तात.

मोहफूल:
हाक मारायला दादा-ताईच आहे भाऊ. पण पुस्तिकेत "दादाने किंवा ताईने गट पाडावेत" असं किती वेळा लिहिणार? आणि मानधनाच्या कागदावर, ग्रामसभेच्या ठरावात काहीतरी लिहावं लागतंच.

अनुस्वार:
मुळात धाग्याच्या शीर्षकापासून ट्रेनिंग, फॅसिलिटेटर, प्लीज हे सगळं मराठीत कशाला हवंय तेच कळत नाही, शब्द शोधणाऱ्यानं आधी आपलं वाक्य तरी स्वच्छ लिहावं. असो. शिक्षण शब्दावरचा राग अनाठायी आहे. शिक्ष् हा शक् धातूपासून झालेला इच्छार्थक धातू, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा करणं. युवा विकास म्हणून तुम्ही जे काही म्हणताय ते सगळं या एका धातूत आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड झाला हा आपल्या शाळांचा दोष, शब्दाचा नाही. माझी सूचना: वाटाड्या. अस्सल मराठी, लहानथोरांना कळणारा, बरोबर चालणारा.

कोयतूर:
वाटाड्या अजिबात नको. अनुस्वार सर, तुम्ही कुठे राहता मला माहीत नाही, पण आमच्या भागात कोणी कोणाला वाट दाखवली हा प्रश्न पोरांना दोन्ही बाजूंनी, पोलिसांनी आणि नक्षलवाद्यांनी, विचारला गेलाय आणि त्याचं उत्तर देणं किती जड जातं ते इथल्या घरांना विचारा. शब्दकोशात चांगला असेल. इकडे कोणाच्या पोराच्या नावापुढे लावू नका.

अनुस्वार:
हे माझ्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. शब्द मागे घेतो. बाकी म्हणणं कायम.

सेवाग्राम रोड:
मी वर्धेचा, त्यामुळे माझं मत ठरलेलं आहे: तालीम. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी शिक्षणाचा जो विचार मांडला त्याला नई तालीम नाव पडलं, आणि त्यात हातानं काम करत शिकणं हाच गाभा होता. तुमच्या गटांमध्येही तेच चाललंय ना, जंगलात हिंडून, ग्रामसभेचा हिशोब लिहून शिकणं? मग ट्रेनिंगला तालीम म्हणा, आणि ती घेणाऱ्याला तालीमदार.

रंकाळा:
आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल माती आणि जोर-बैठका. तालीमदार म्हटलं की लंगोट आठवतो हो. नाटकवाले पण तालीम म्हणतात, पण ती प्रयोगाच्या आधीची. तुमच्या पोरांचं जे चाललंय ते प्रयोगाच्या आधीचं आहे की तोच प्रयोग आहे?

सेवाग्राम रोड:
शब्द अरबीतून आला तेव्हा त्याचा अर्थ शिकवणं हाच होता, कुस्ती आपण नंतर घातली. जो अर्थ आपणच हरवला तो परत आणायला काय हरकत आहे?

दर्यापूरचा:
हरकत काही नाही, पन पोरं तुमच्या अरबीची वाट पाहत बसन का?

पांढरकवडा:
मी कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) काम करते. माझा अनुभव असा की नाव कसंही असो, माणूस ज्या शब्दानं नेमला जातो तसा वागायला लागतो, हे मी फार जवळून पाहिलंय. आमच्याकडे एका ट्रेनिंगच्या कागदांवर मुलामुलींना सगळीकडे लाभार्थी लिहिलं होतं. तर गट चालवणारी आमचीच पोरगी, त्याच पोडावरची, रोज संध्याकाळी "लाभार्थी किती आले" म्हणून मोजायला लागली, सही घ्यायला लागली, मग अंगठा, मग फोटो. मुलं पाठ फिरवून बसायची. कागद बदलले, लाभार्थी काढून नुसतं "आपला गट" लिहिलं, हजेरी बंद केली, तेव्हा कुठे ती खाली त्यांच्यात बसायला लागली. म्हणून मोहफूलताईंचा प्रश्न मला बारीकसारीक वाटत नाही. फक्त त्या एका माणसाचंच नाव का बघता, गटातल्यांना काय म्हणता तेही सांगा.

आणि शब्द बनवायचाच तर तारुण्यभानसारखा बनवा. डॉ. राणी बंग यांच्या, वयात येणाऱ्या मुलामुलींसाठीच्या शिबिरांमुळे तो शब्द गडचिरोलीत सगळीकडे पोचला. किशोरवयीन जीवनकौशल्य शिक्षण असं काही म्हटलं असतं तर एकाही आईनं मुलीला पाठवलं नसतं.

निवृत्त मास्तर:
तारुण्यभान शब्द उत्तम आहे यात वाद नाही. पण तो कार्यक्रमाचा शब्द. माणसाला काय म्हणायचं, तारुण्यभानकार?

कोयतूर:
मी थोडं लांब लिहितो, चालवून घ्या. मी काही काळ पेसा मोबिलायझर होतो (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या हक्कांचा कायदा, त्याचं गावात काम बघणारा), त्याआधी असल्याच एका युवा ट्रेनिंगमध्ये समोर बसलेला पोरगा होतो. बाहेरून आलेल्या मॅडम खूप चांगल्या होत्या, मनापासून करत होत्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, तुमच्या समस्या सांगा. कोणी बोललं नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं, संकोच. आम्हाला संकोच नव्हता, आमच्याकडे नवा माणूस आला की आधी तो आपलं गाव सांगतो, आडनाव सांगतो, किती देवाचे, म्हणजे कोणत्या कुळगटातले, ते सांगतो, मग आम्ही सांगतो. त्याशिवाय बोलायचं कोणाशी? मग त्यांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. एका जोडीत मुलगा चार देवाचा, मुलगी पण चार देवाची, म्हणजे भाऊ-बहीण झाले, आणि विषय दिला लग्नाचं योग्य वय. दोघंही खाली बघून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवण वाढणाऱ्या आमच्याच एका काकीनं मॅडमना सांगितलं की गट पाडायचे तर कोण कोणाचं काय लागतं ते आधी विचारा, आणि पोरींचं बोलणं वेगळं ठेवा, कुर्माघराचा (पाळीत बाया वेगळ्या राहतात त्या झोपडीचा) विषय तर पोरांसमोर काढूच नका, निदान पहिल्या बैठकीत. त्यानंतर शिबिर मार्गी लागलं. माझ्या मते त्या शिबिरात खरी ट्रेनर ती काकी होती आणि तिला कोणत्याच पुस्तिकेत नाव नव्हतं, मानधन तर नव्हतंच.

आता शब्द. हे जे तुम्ही युवा विकास म्हणून आणताय ते आमच्याकडे होतंच, त्याला गोटुल म्हणतात. बाहेरच्यांनी त्याच्याबद्दल काय काय घाण लिहिलं ते सोडा. तिथे पोरंपोरी गाणं शिकत, गावकाम शिकत, भांडण मिटवायला शिकत, मोठ्यांचं ऐकायला शिकत. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली तर तिच्या नावातच गोटुल ठेवलं. त्यांना दुसरा शब्द शोधत फिरावं लागलं नाही. मग तुम्ही का फिरताय?

धारणीकर:
जय हिंद. कोयतूरभाऊंचं पटलं पण एक अडचण सांगतो. आम्ही मेळघाटात, आमची पोरं कोरकू. कोरकू भाषा मुंडा घराण्यातली, गोंडी द्राविडी, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. कोरो म्हणजे माणूस आणि कू लावलं की अनेक माणसं, म्हणजे कोरकू. गोटुल आमची गोष्ट नाही. गडचिरोलीत छापलेली पुस्तिका उद्या धारणीला येणार, चिखलदऱ्याला येणार, तिच्यात गोटुल असलं तर आमच्या पोरांना वाटणार की आदिवासी म्हणजे फक्त गोंड. हे आधीच फार होतं. नागपूरच्या माणसाला आम्ही सगळे सारखेच.

कोयतूर:
बरोबर आहे दादा. तुमच्याकडे तुमचा शब्द असावा. एकच पुस्तिका सगळीकडे न्यायची हीच चूक.

मोहफूल:
धारणीकर, ही पुस्तिका सध्या एटापल्ली-भामरागडपुरतीच आहे, पण तुमचा मुद्दा वरपर्यंत पोचवते. आणि मूळ मजकुरात इंडिजिनस यूथ आहे त्याचं काय करू तेही विचारायचंच होतं. मी आदिवासी युवा केलंय. ऑफिसातला एक जण मूलनिवासी करा म्हणतोय.

पांढरकवडा:
आदिवासीच ठेवा. विदर्भात मूलनिवासी म्हटलं की बहुजन चळवळीतला अर्थ आधी समोर येतो, त्यात बाकी समाजही धरलेले असतात. तो वाद वेगळा, तो पुस्तिकेत नको.

निवृत्त मास्तर:
९ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांचा जो दिवस असतो तो आपण जागतिक आदिवासी दिन म्हणूनच पाळतो. १९९४ ला तो जाहीर झाला. म्हणजे इंडिजिनसला आदिवासी हा प्रतिशब्द लोकांनी केव्हाच ठरवून टाकलाय.

अनुस्वार:
वनवासी हाही शब्द आहे.

कोयतूर:
आहे, पण आम्हाला नकोय. वनात राहतो ही आमची ओळख नाही, आधीपासून आहोत ही आहे. त्यावर इथे वाद घालणार नाही.

सेवाग्राम रोड:
गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाचं कोणीच कसं काढलं नाही? तिथे अभ्यासगट हा साधा शब्द वर्षानुवर्षं चालला आणि त्या अभ्यासातूनच २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळण्यापर्यंत गाव पोचलं. अभ्यासगटात सुलभकही नव्हता, प्रशिक्षकही नव्हता, बाहेरचा असो की गावचा, सगळे अभ्यास करणारे. मी तर म्हणेन तालीम सोडतो, अभ्यासगट घ्या.

रंकाळा:
हे आवडलं. मग गट चालवणारा कोण, अभ्यासू?

दर्यापूरचा:
अभ्यास म्हटलं का पोट्टे पुस्तक उघडतीन अन् झोपतीन. पन गावात रुळला असन तं ठीक हाये.

अनुस्वार:
एक तांत्रिक मुद्दा. वर कोयतूर यांनी सगळीकडे गोटुल लिहिलंय. अकारान्त शब्दाच्या उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरातला इकार-उकार मराठीत दीर्घ होतो, तेव्हा गोटूल हवं. शिबिर ऱ्हस्व कारण तो तत्सम. पुस्तिकेत तरी गोटूल छापा.

कोयतूर:
शब्द तत्सम नाही आणि मराठीही नाही सर. आम्ही म्हणतो तसं लिहिलंय. तुमचा नियम तुमच्या शब्दांना लावा.

अनुस्वार:
मराठी मजकुरात आलेला शब्द मराठीच्या नियमानं चालतो. स्कूल आपण दीर्घ लिहितो तेव्हा इंग्रजांना विचारत नाही.

धारणीकर:
स्कूल इंग्रजीतही लांबच म्हणतात की.

निवृत्त मास्तर:
वर्तमानपत्रांत घोटूलसुद्धा पाहिलंय, घ नं. छत्तीसगडकडून हिंदीतून आलं असावं. गडचिरोलीत ग च ऐकलाय.

कोयतूर:
बस्तरचा शब्द तिकडचा. आणि देवनागरीवरच कशाला अडायचं, गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत, मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक तयार केली, तेलंगणात गुंजाळा गावाची वेगळी आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद तिथे सुटतो का बघा.

पांढरकवडा:
या दोनपैकी कोणती पोरांना शिकवता तुम्ही?

कोयतूर:
आमच्याकडे मसराम. पण सगळ्या गोंडांत एकमत नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.

मोहफूल:
मंडळी, मोह वेचून झाला की तेंदूच्या आधी मधले थोडे दिवस मिळतात, तेव्हाच बॅच बसते, तोवर प्रत छापून हवी. कोयतूरभाऊ, त्या काकींसारख्या गावातल्या बाया आमच्याकडेही आहेत, त्यांच्यासाठी मानधनाचा रकाना मी आजच घातला, पदाचं नाव रिकामं ठेवलंय. सुलभकच्या जागीही सध्या रेघ आहे. अजून सुचत असेल तर सांगा, दोन आठवडे आहेत.

अनुस्वार:
मसराम लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ उकाराची चिन्हं वेगळी आहेत का, एवढं कोयतूर यांनी सांगावं.

कोयतूर:
आहेत. नव्या धाग्यात चित्र टाकतो, तिथे या.