गाताना आवाज नाकात जातो, रेकॉर्डिंगमध्ये तर फारच. उपाय सुचवा

हौशी_गवई
मंडळी, मी भावगीतं आणि अधूनमधून नाट्यगीतं गातो. रीतसर शिक्षण नाही, लहानपणी पेटीवर अलंकार घोटले तेवढेच. हल्ली घरीच कराओके ट्रॅकवर रेकॉर्ड करतो. समोर बसून ऐकणारे बरं म्हणतात, पण रेकॉर्डिंग लावलं की आवाज चक्क गेंगाणा वाटतो, विशेषतः तार सा (वरच्या सप्तकातला सा) जवळ आला की. बायको 'हिमेश आला' म्हणून मोकळी होते. यूएसबी कंडेन्सर माइक आहे, खोली म्हणजे बेडरूम, काम ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. इक्वलायझरमध्ये १ किलोहर्ट्झच्या आसपास कापून पाहिलं, तर नाक कमी होतं पण गाण्यातला जीवही जातो. रियाझ, माइक, प्लगिन, काहीही सांगा. 'गुरू करा' सोडून :)

खर्ज_पहाटेचा
गुरू कराच, पण ते राहू दे. आधी दोष खरंच नाकाचा आहे का ते बघा. एक लांब 'आ' लावा आणि मध्येच चिमटीत नाक धरा. आवाज बदलला, कोंडला, तर हवा नाकातून जातेय. काहीच फरक पडला नाही तर नाकाला उगाच दोष देताय, गडबड तोंडात आहे. तीच परीक्षा 'बघा, दादा परत आला' या ओळीवर करा. त्यात म, न, ण नाहीत, म्हणजे नाक दाबूनही ती स्वच्छ यायला हवी.
कारण साधं आहे. टाळूचा मागचा मऊ भाग म-न-ण म्हणताना खाली येतो आणि नाकाची वाट उघडतो. एरवी तो वर जाऊन वाट बंद करतो. काहींचा तो आळशी असतो, अर्धवटच उठतो.

ट्रॅक_नंबर_सात
खर्जभाऊंशी सहमत. माझी पुस्ती रेकॉर्डिंगपुरती. आपला आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे आपल्याला तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून प्रत्येकालाच स्वतःचा आवाज पातळ लागतो. तेव्हा निकाल दुसऱ्या कुणाच्या तरी कानांनी लावा (बायकोच्या नको, ती पक्षपाती दिसते).
माइक नाकासमोर असेल तर हनुवटीच्या पातळीला आणा, किंचित तिरका ठेवा, अंतर साधारण एक वीत. फार लांब गेलात तर खोलीच जास्त ऐकू येते, आणि बेडरूमचा तो डबा-डबा आवाज लोक नाकातला समजतात. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे पाठ करून गा, म्हणजे माइक ज्या दिशेने ऐकतो तिकडे कपडे येतील. मागे जाड रजई टांगली तरी चालेल. स्वस्त कंडेन्सर वरच्या पट्ट्यात उगाच चमक घालतात. एखाद्या मित्राकडे शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक असेल तर त्यावर तीच ओळ गाऊन बघा. मात्र तो कॉम्प्युटरला जोडायला ऑडिओ इंटरफेस नावाची डबी लागेल.
इक्वलायझर सरसकट कापू नका. टीडीआर नोव्हा नावाचं फुकट प्लगिन (ऑडॅसिटीला जोडायची पुरवणी) आहे, ते नाकातल्या आवाजाचा पट्टा उसळला की तेवढ्यापुरतंच दाबतं. २-३ डेसिबल पुरे. ऑडॅसिटी ३.२ किंवा नंतरची असेल तर गाणं वाजत असताना त्याची सेटिंगं फिरवून बघता येतात.

मुक्ता_कट्टी
प्लगिनवर एवढं बोलताय, पट्टीचं कुणीच विचारलं नाही? तार सा जवळच होतं म्हणताय ना, मग मूळ गायकाच्या पट्टीत ओढून गात असणार. आवाज पोचत नाही, जबडा आवळतो, जिभेचं मूळ वर चढतं, आणि सूर नाकात शिरतो. ऑडॅसिटीत ट्रॅकची पिच दोन सेमिटोन, म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्या, उतरवा. काळी दोनचं काळी एक होईल. वाद्यं जराशी विचित्र वाजतील, पण सरावाला काय बिघडतं.

हौशी_गवई
नाक दाबून पाहिलं. 'आ' जवळजवळ तसाच राहतो! 'दादा परत आला' पण. पण गाण्यात 'झालं', 'कधीचं', 'मन' आलं की स्पष्ट कोंडतो. काळी दोनमध्येच गात होतो, मुक्ताताई. काळी एकला वरचा सा बराच मोकळा आलाय.

मिठमुंबरी
मग घोळ तुमच्या अनुस्वारात आहे. 'झालं', 'केलं', 'कधीचं' यांतला अनुस्वार मराठीत नाकातून म्हणायचाच नसतो, नुसता लांबवलेला 'अ' असतो तो. हिंदी गाणी जास्त गाणारे 'मैं', 'नहीं'च्या सवयीने तोही नाकात घेतात. आमच्या कोंकणीत नाकातले स्वर खरोखरच आहेत, म्हणून मला हे पटकन ऐकू येतं. 'झालं' ओढताना तोंड 'झाला'सारखंच उघडं ठेवा आणि शेवटी जरा मिटतं घ्या.
'मन'चं वेगळं. तिथे म आणि न खरेच नाकातले, पण स्वर तोंडातलाच. 'म' झटकन सोडा, ताण 'अ'वर घ्या आणि 'न' अगदी शेवटी टेकवा. लोक 'न' आधीच सुरू करून त्यावरच मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढतात.

गुंजन७२
रोज ओठ मिटून 'म्म्म' गुंजन करा, आवाज आपोआप गोल होतो.

खर्ज_पहाटेचा
गुंजन गळा तापवायला उत्तम, पण या दुखण्यावर उलटं. त्यात नाकाची वाट उघडीच असते. गुंजन केलंत तर लगेच 'म्म्म-आ' असं उघडा. त्याहून बरं म्हणजे 'ङ्ङ्-गा, ङ्ङ्-गा'. 'ङ'ला मऊ टाळू खाली असतो आणि 'गा'ला वर उचलला जातो, ते उचलणं जाणवलं पाहिजे. मंद्र सा पासून मध्य प पर्यंत सावकाश. मग जांभई येतेय असं वाटण्याइतका घसा उघडून आकार, म्हणजे नुसत्या 'आ'वर गाणं. आरसा समोर ठेवा, 'गा'नंतरच्या 'आ'त पडजीभ वर जाताना दिसते.

कानाघसा_ओपीडी
एक वैद्यकीय बाब. सर्दीतला आवाज याच्या अगदी उलट असतो. तिथे नाक बंद असतं, म्हणून 'माझं'चं 'बाझं' होतं. कायमच तसं होत असेल, रात्री तोंडाने श्वास घेत असाल, तर पडदा वाकडा आहे का ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून बघून घ्या. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे घालू नका, सुटल्यावर नाक आणखी चोंदतं. जलनेती (नाक पाण्याने धुणं) करायची तर उकळून गार केलेल्याच पाण्याने.

हौशी_गवई
'बाझं' होत नाही, सुटलो. 'झालं' तोंडातून म्हणून रेकॉर्ड केलं, फरक लगेच कळला. पण आता 'झाला' ऐकू येतं असं बायको म्हणते.

मिठमुंबरी
मग 'आ' पूर्ण उघडताय. 'घर' म्हणताना 'घ'पुढे जो 'अ' येतो, तेवढंच उघडा आणि तोच लांबवा. आधी तालाशिवाय नुसतं बोलून बघा, 'काम झालं, पाणी आलं', मग सुरात घ्या.

ट्रॅक_नंबर_सात
आणि नवं रेकॉर्डिंग इक्वलायझर न लावता टाका इथे. जुनं सेटिंग तसंच राहिलं असेल तर आधी काढा.