इशापूर २ए१ रायफलच्या हेडस्पेसबाबत मदत हवी आहे

मी टेक्सासमध्ये राहतो. नुकतीच येथील परवानाधारक विक्रेत्याकडून, १९६२ च्या चीन युद्धानंतर ली-एनफिल्डच्या जुन्या घडणीवरच ७.६२ नाटो काडतुसासाठी बेतलेली इशापूर २ए१ रायफल घेतली. बोल्टच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) दांडीखालील ‘आर.एफ.आय. १९६७’ (म्हणजे रायफल फॅक्टरी, इशापूर) ही अक्षरे अजून स्पष्ट वाचता येतात आणि ही रायफल आपल्या देशात घडली, याचे मला फार अप्रूप आहे.

अडचण हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये (नळीतील काडतुसाच्या जागेत) काडतूस जिथे अडते ती जागा यांतील अंतराची आहे. .३०८ च्या (७.६२ नाटोशी मिळत्याजुळत्या नागरी काडतुसाच्या) ‘नो-गो’ गेजवर, म्हणजे ज्यावर बोल्ट बंद होऊ नये अशा मापकावर, तिचा बोल्ट सहज बंद होतो. लष्करी चेंबर मुळातच थोडा लांब असतो हे ठाऊक आहे. तरीही तपासणीसाठी नाटोचेच गेज वापरावे का, आणि तोवर गोळीबार पूर्णपणे टाळावा का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. पुढच्या लाकडातील आडव्या स्क्रूपाशी केसाएवढी चीर आहे. मूळ लाकूड न बदलता ती कशी सांधावी, हेही सांगावे.