आई विद्रूप काढली म्हणे!

गोधडी (धागाकर्ती) :

परवा इथे रंगपेटी सरांचा 'मातृत्वाची विटंबना' हा धागा आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मन एक्स्प्रेशनिस्टांनी (विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, आतली भावना रेषा-रंग मोडून दाखवणारे चित्रकार) आईसारखी मंगल गोष्ट विद्रूप करून टाकली, पाउला मोडरझोन-बेकरच्या आया म्हणजे मातीची ढेकळं, केथे कोलवित्झच्या आया जनावरासारख्या, आणि हे सगळं आजारी मनांचं काम. त्यावर इतके 'अगदी अगदी' आणि '+१' पडले की माझं डोकं फिरलं. प्रतिसाद लिहायला घेतला, तो आवरेना, म्हणून वेगळा धागा.

सर, पाउलाचं १९०६चं ते आडवं चित्र आठवा. पांढऱ्या कापडावर आई आणि मूल, दोघं उघडी, एकमेकांकडे तोंड करून झोपलेली. आईचे गुडघे दुमडलेले, अंग जड, सैल. तुम्ही म्हणता चेहऱ्यावर वात्सल्य नाही. कसं असेल? ती झोपली आहे! अंगावर पिणारं मूल असलेली बाई दोन तास मिळाले की अशीच झोपते, कूस बदलायचंही त्राण नसतं. राफाएलची मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, ताठ बसते, तिच्या निळ्या वस्त्राची चुणी मोडत नाही आणि तिच्या मांडीवरचं बाळ कधी ओकत नाही. ती सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण तिला बघून मला कधी माझी आई आठवली नाही.

आणि 'आजारी मन' कुणाचं? पाउला फेब्रुवारी १९०६मध्ये नवऱ्याला, ओटो मोडरझोनला, वोर्प्सवेड या चित्रकारांच्या गावी सोडून पॅरिसला आली. कवी रिल्केला लिहिलं की मी आता मोडरझोन नाही आणि पाउला बेकरही नाही, मी म्हणजे मी. २५ मे, लग्नाचा पाचवा वाढदिवस. त्या दिवशीचं स्वतःचं चित्र: कमरेपर्यंत उघडी, गळ्यात अंबरच्या मण्यांची माळ, पोट पुढे, एक हात पोटावर, एक खाली. गरोदर बाई. आणि ती गरोदर नव्हती! मुलगी झाली नोव्हेंबर १९०७मध्ये, हिशोब तुम्हीच करा. सही नुसती 'पी. बी.', त्यातून मोडरझोन गायब. ज्या बाईला चित्रकार व्हायचंय, आई व्हायचंय आणि दोन्ही जमेल की नाही याची धास्ती आहे, ती हे पोट स्वतःच्या अंगावर चढवून बघते आहे. याला विटंबना म्हणायचं?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याकडे परतली, माटिल्डे झाली, अवघड बाळंतपण, डॉक्टरांनी पलंगावरून उठू दिलं नाही. अठरा दिवसांनी उठली आणि गेली. वय ३१.

रंगपेटी :

ताई, मी हयातभर शाळेत चित्रकला शिकवली आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली आहेत. तेव्हा 'पुस्तकातले बोटभर फोटो बघून बोलता' पद्धतीचं काही सुचवायचं असेल तर जपून. (तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण सूर तोच आहे.)

माझा मुद्दा साधा आहे. चित्रकाराने दुःख जरूर रंगवावं. पण आई थकते, सुजते, सैल पडते हे सांगायला चित्र कशाला? ते घरोघरी दिसतं. कला त्याच्या वर उचलते. नाहीतर कॅमेरा काय वाईट होता? आणि पाउलाबाईंच्या अकाली मृत्यूने त्यांची चित्रं चांगली ठरत नाहीत. चित्रावर बोला, चरित्रावर नको.

तिसरापंखा :

दोघंही चुकीच्या गाडीत बसला आहात. पाउला एक्स्प्रेशनिस्ट नाही. त्यांचा 'ब्र्यूके' हा गट १९०५ला ड्रेस्डेनमध्ये सुरू झाला, 'ब्लाउ रायटर' हा दुसरा गट १९११चा, ही बाई १९०७ला वारली. तिने सेझान आणि गोगँ या फ्रेंच चित्रकारांची कामं पाहिली, त्यातून स्वतःचं काढलं. फार तर पूर्वसूरी म्हणा. कोलवित्झही यातल्या कुठल्या गटात नव्हती, १९२०मध्ये शिल्पकार बार्लाखचे वुडकट (लाकडात कोरून काढलेले छाप) बघून लाकडाकडे वळली, एवढाच तो काय संबंध.

दुसरं, 'जनावरासारखी' हा सरांचा शोध नाही. 'मेलेलं मूल आणि बाई' (१९०३) या एचिंगबद्दल (धातूच्या पत्र्यावरून काढलेला छाप) बेआटे बोनुस-येप या कोलवित्झच्या मैत्रिणीनेही हेच लिहिलंय. आई जनावरासारखी, उघडी, मुलाचा निसटता जीव ओठांनी, श्वासाने परत स्वतःत गिळू बघणारी. मैत्रिणीने प्रदर्शनात ते बघितलं आणि तिला वाटलं, हिच्या मुलाला, पेटरला, काही झालं की काय! तेव्हा शब्द बरोबर, सर, पण त्यापुढचं नाक मुरडणं तुमचं.

गोधडी :

लेबलं तुम्ही चिकटवत बसा. पण ते एचिंग तिने कसं केलं तेही सांगायचं होतंत. सात वर्षांच्या पेटरला मांडीवर घेऊन, आरशात बघून. कष्टाने कण्हत होती तर तोच म्हणाला, आई गप्प रहा, छान होणारेय.

ठिपका :

बायकांनी काढलं ते ठीक. ऑस्ट्रियाच्या एगोन शीलेचं काय? १९१०मध्ये वीस वर्षांचा पोरगा व्हिएन्नाच्या प्रसूती-रुग्णालयात जातो, कारण एर्विन फॉन ग्राफ नावाचा डॉक्टर ओळखीचा. तिथे गरोदर बायका काढतो, नवजात बाळं काढतो. लाल, हिरवट, हातपाय वेडेवाकडे. त्या बायकांना कुणी विचारलं असेल का, 'बाई, काढू का?' या चित्रांतलं 'असुरक्षिततेचं दर्शन' वगैरे ज्याला म्हणतात ते कुणाच्या जिवावर उभं आहे?

मी सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. पडदा नाही, आणि एकदम शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. त्यातल्या एकाच्या हातात वही होती. आज शीलेचं चित्र बघितलं की मला ती वही दिसते. सॉरी, मला त्यात कला दिसत नाही.

कावळेकाका :

शीलेचा तो 'मेलेली आई' पॅनेल वहीच्या पानापेक्षा थोडासाच मोठा आहे. काळ्या आवरणात गुंडाळलेलं मूल, पोटातच असल्यासारखं, आणि तेवढंच उजळ. आईचा चेहरा विझलेला. त्याच्या आईने आधी मेलेली मुलं जन्माला घातली होती हे लक्षात घेतलं तर तो 'घोळक्यातला' वाटत नाही.

आणि १९१८चं 'कुटुंब'. सेसेशन या व्हिएन्नाच्या चित्रकार-संघाच्या प्रदर्शनात ते 'उकिडवं जोडपं' म्हणून लागलं होतं, मूल नंतर घातलं. ऑक्टोबरात बायको एडिथ सहा महिन्यांची गरोदर असताना फ्लूने गेली, तीन दिवसांनी तो. असुरक्षितता फक्त बायकांच्या मालकीची आहे का?

ठिपका :

वा! म्हणजे तो मेला म्हणून दवाखान्यातल्या बायकांचा प्रश्न मिटला. छान.

शेगडी_आणि_शेपू :

मला चित्रातलं कळत नाही, पण गोधडीने 'डॉक्टरांनी उठू दिलं नाही, उठली आणि गेली' असं सूचक लिहिलंय ते खटकलं. आमच्या आज्यांनी सव्वा महिना बाजेवरून पाय खाली टाकू दिला नाही, तेल-मालीश, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. सगळ्या खणखणीत जगल्या. उगाच परंपरेला झोडपायला जर्मनीतनं बाई आणायची गरज नव्हती.

लेबररूम :

कुणीच झोडपलं नव्हतं, पण आता विषय निघालाच आहे तर. पाउलाला पाय दुखण्याची तक्रार होती. उठली, पायातली गुठळी फुप्फुसात गेली. एम्बोलिझम. बाळंतपणानंतर रक्त आधीच गुठळीकडे झुकलेलं असतं, त्यात दिवसेंदिवस पडून राहिलं की धोका वाढतो. म्हणून आम्ही आता सिझेरियनवाल्या बाईलाही लवकरात लवकर उभं करतो. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी सांगितली ती त्या काळची चांगली वैद्यकी होती. वाईट हेतू नव्हता, आज्यांचाही नव्हता.

पण माझ्या वहिनीचा पाय पोटरीवर सुजून लाल झाला तेव्हा घरच्यांनी 'वात आहे' म्हणून शेकला. चार दिवस! मी योगायोगाने पोचले म्हणून. खणखणीत जगल्या त्याच आज्या तुम्हाला आठवणार, उरलेल्या आठवायला कुणाच्या आज्या झाल्याच नाहीत.

शेगडी_आणि_शेपू :

डॉक्टरांना आजीबद्दल बोलायला फार आवडतं. माझी लेक टोरांटोला आहे. बाळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी घरी धाडली. ना बाज, ना शेक, ना कुणी भांडं घासायला. नवरा आठवड्यात कामावर. मला व्हिसा मिळेपर्यंत ती रोज रात्री फोनवर रडायची. सव्वा महिना म्हणजे काय ते तिला विचारा.

ठिपका :

आणि मला विचारा. सव्वा महिना खिडकी बंद, केस धुवायचे नाहीत, पाणी मोजून. रडले तर 'बाळाला दूध लागत नाही असं रडल्यावर'. विश्रांती नव्हे, पहारा होता तो. लाडू मात्र चांगले होते, ते मान्य.

कावळेकाका :

मूळ धागा चित्रकलेचा होता असं अंधुक स्मरतं.

लेबररूम :

काका, बाळंतिणीच्या खोलीत डोकावायचं नसतं. (शेगडीताई, मदतीची माणसं हवीत याबद्दल शंभर टक्के तुमच्याशी सहमत. फक्त तिला हिंडू द्या.)

शेगडी_आणि_शेपू :

हिंडू देऊ. घरातल्या घरात. यापुढे मी सरकणार नाही.

मु_पो_ब्रेमेन :

मी इथेच राहतो, थोडं भर घालतो. पाउलाचं म्युझियम ब्योट्शरष्ट्रासेमध्ये आहे, १९२७चं, एका स्त्री-चित्रकारासाठी बांधलेलं जगातलं पहिलं म्हणतात. पैसा कॅफिन काढलेल्या कॉफीवाल्या रोझेलिउसचा, इमारत शिल्पकार होएटगरची. वोर्प्सवेडला तिची कबरही त्यानेच घडवली: मरणारी आई, मांडीवर मूल. नाझींनी मग १९३७मध्ये तिची चित्रं 'विकृत' म्हणून काढली. रंगपेटी सर, तुम्ही कुणाच्या रांगेत उभे आहात ते बघा.

याच गावात, ब्रेमेनच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात, नॉर्वेच्या मुंकचं एक चित्र आहे. मागे पलंगावर मेलेली आई, पुढे छोटी मुलगी, दोन्ही हात कानांवर. मुंकची आई तो पाच वर्षांचा असताना क्षयाने गेली होती. मी त्या चित्रापुढे जास्त वेळ थांबत नाही.

रंगपेटी :

नाझींशी तुलना झाली म्हणजे चर्चा संपली असं म्हणतात ना? माझ्या पिढीला यातलं रंगीत चित्र बघायला मिळायचंच नाही. मराठी कला-पुस्तकांत सगळं राखाडी, आणि ज्यांना लायब्ररीतली परदेशी पुस्तकं हाताला लागायची ते आम्हाला अडाणी म्हणायचे. तो राग माझ्यात आहे, असो.

पण कोलवित्झवर माझं मत ऐका. १९१४ला पेटर अठराचा, सैन्यात जायला बापाची परवानगी हवी. बाप, कार्ल, नाही म्हणाला. कुणी गळ घातली? आईने. ऑक्टोबरात पोरगा बेल्जियममध्ये पडला. मग जन्मभर आया, मेलेली मुलं, शोक. मला त्यात दुर्बल आई दिसत नाही, हातून घडलेलं झाकणारी दिसते.

गोधडी :

हे मागे घ्या. झाकणारी? ती ते कुठे झाकत होती? १९२२-२३ची 'युद्ध' ही मालिका बघा. पहिलाच वुडकट 'आहुती': नागडी आई स्वतःचं बाळ दोन्ही हातांवर उचलून पुढे करते आहे. कुणी हिसकावून घेत नाहीये, ती देतेय! यापेक्षा उघड कबुली कुणी लाकडात कोरली असेल तर दाखवा. बाळंतपण, भूक, दवाखाना, हे सगळं सोसण्याचं. इथे आई स्वतःच्या मूर्खपणापुढे उघडी पडली आहे, आणि ते तुमच्या वात्सल्याच्या चौकटीत बसत नाही म्हणून तुम्हाला राग येतोय.

तिसरापंखा :

आवाज उतरवा दोघं. त्या पुढचं तिचं १९३२चं पेटरचं स्मारक, ग्रॅनाइटचे आईबाप. आधी मधोमध पेटरचं शरीर असणार होतं, ते तिने काढून टाकलं. जवळजवळ अठरा वर्षं लागली, म्हणजे पोराच्या वयाएवढी. दोघं वेगवेगळ्या दगडांवर गुडघ्यावर, बाप स्वतःलाच हातांनी आवळून, आई वाकलेली. एकमेकांना स्पर्श नाही. नात्यात कोण बरोबर होतं ते तिथे कळतं.

मला वैताग वेगळ्याचा आहे. तिचं छोटं 'आई आणि मेलेला मुलगा' शिल्प १९९३मध्ये चौपट मोठं करून बर्लिनच्या नोये वाखे या जुन्या पहारा-इमारतीत राष्ट्रीय स्मारक म्हणून बसवलं. ख्रिस्ती पिएताच्या (मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी) घडणीची शोकाकुल आई, सगळ्या बळींसाठी एकच. ज्यांचे आईबापही नाझी छावण्यांत संपले, त्यांनी तिथे कुणाच्या मांडीवर डोकं ठेवायचं? त्यावर तेव्हाच रण माजलं होतं. आई मंगल करून ठेवली की सरकारला ती फार सोयीची पडते.

कावळेकाका :

आणि आपल्या मुंबईत? लांगहॅमर, फॉन लायडन, श्लेसिंगर ही मंडळी हिटलरमुळे इथे आली आणि प्रोग्रेसिव्ह गटाच्या तरुण चित्रकारांना युरोपचं हे सगळं दाखवलं. पुढे अंधेरीत राहिलेल्या चित्तप्रसादने १९४३च्या बंगालच्या दुष्काळात भुकेल्या आया काढल्या, त्यात कोलवित्झ स्पष्ट दिसते. त्यांना कुणी विद्रूप म्हटलं नाही, कारण दुष्काळातल्या आईला वाळायची परवानगी असते. पोट भरलेल्या बाईने थकलेलं दिसायचं नाही.

रंगपेटी :

'आहुती'चं मान्य. ते 'झाकणं' नाही. 'उघडं टाकणं' म्हणतो, समाधान? पाउलाची ढेकळं मात्र ढेकळंच. आणि त्या पॅरिसच्या चित्रात हात फार मोठे आहेत, शरीररचना चुकली आहे.

गोधडी :

हात मोठे आहेत कारण ती चित्रकार आहे, सर. इंटरमिजिएटची परीक्षा देत नव्हती.

शेगडी_आणि_शेपू :

ब्रेमेनवाले, तिकडे डिंक मिळतो का? भाचीला पाठवायचाय.

मु_पो_ब्रेमेन :

तुर्की दुकानात विचारून सांगतो. अळीव नक्की मिळतात, इथले लोक ते उगवून पावावर घालून खातात.