पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये का सोडतात?

धायरीची आई: मुलीला स्कूटरवर घेऊन रोज तिथून जाते. काल कात्रजच्या बोगद्याकडून आलेला कंटेनर हँडलला घासून गेला. पोर घरी येईपर्यंत गप्प होती. नोव्हेंबर 2022 मध्ये इथेच एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या, तरी वेग तोच!

जुना ड्रायव्हर: ताई, डिझेल वाचवायला. पण न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे ड्रम तापले की पेडल दाबून उपयोग नाही. ब्रेक हवेवर चालतात, इंजिनच बंद केलं तर ती हवाही भरत नाही. आम्ही ज्या गिअरात घाट चढायचो, त्याच गिअरात उतरायचो.

वडगावकर: सर्व्हिस रस्त्याने जा, दहा मिनिटं उशीर झाला तरी.

धायरीची आई: उद्यापासून तसंच. पण मालकांनी डिझेलचा हिशेब ड्रायव्हरच्या मानेवर ठेवू नये हो.