पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान: स्पिटफायर घेऊ का?

जयसिंगपूरचा_पप्पा
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, दोघांनी मिळून विमान उडवायचं ठरलंय. आजवर हात लावलेला नाही. बजेट १२,००० रुपये. तिला स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल, आवडलंय, दिसतंही झकास. घेऊ का? शिकवणारं इथं कुणी नाही.

फोमवाला
नको. हाय-विंग ट्रेनर घ्या, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ विमान. स्पिटफायर तिसरं विमान म्हणून.

जुना_बाल्सा
दादा, मीही २००९ साली लढाऊ विमानाच्याच मोहात पडलो. दोन महिने रात्री जागून बाल्साचं (हलक्या लाकडाचं) बांधलं. उडालं ११ सेकंद. बायकोनं मोजले होते, अजून ऐकवते.

त्या विमानांचे पंख खाली, वेग जास्त, आणि एकदा कलंडलं की आपण सरळ करेपर्यंत कलंडलेलंच. तुम्हाला पंख वर असलेलं, पंखांची टोकं जरा उचललेली, ईपीपी फोमचं (लवचिक, सहज न तुटणाऱ्या) हवं. घाबरून रिमोटच्या काड्या सोडल्या तरी ते बऱ्यापैकी सावरतं. सुरुवातीला तीन चॅनल (रिमोटवरून चालणाऱ्या तीन गोष्टी) पुरे: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेव्हेटर (नाक वर-खाली), रडर (डावं-उजवं वळण). रिमोट मात्र सहा चॅनलचा घ्या, फ्लायस्काय आय६ सारखा. विमानं मोडतील, रिमोट पुढच्या चारांना पुरेल.

उडवण्याआधी पंखाखाली दोन बोटांवर तोलून बघा. पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण पाव ते तिसऱ्या भागात तोल यायला हवा. शेपटीकडे झुकत असेल तर बॅटरी पुढे सरकवा. हे न करता फेकलं तर माझे ११ सेकंदही मिळणार नाहीत.

आणि तुमच्याकडे सगळा ऊस! उभ्या उसात पडलं तर दहा फुटांवरूनही दिसत नाही. तोडणी झालेलं रान बघा, सकाळी वारा उठायच्या आत. पडलंच तर थ्रॉटल पूर्ण खाली ठेवून दुसऱ्यानं रडर हलवत राहायचं, सर्व्होच्या (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) चिरचिरीवर शोधायचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाती कापतात. जागा डिजिटल स्कायच्या (सरकारच्या ड्रोन उडवण्याच्या वेबसाइटच्या) नकाशावर हिरवी आहे ना, तेही बघून ठेवा.

कलंडलो_पुन्हा
बाकी पटलं, पण आधी दोन आठवडे लॅपटॉपवर सिम्युलेटर. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं, नवखे तिथंच पाडतात. युक्ती: जो पंख खाली गेलाय, काडी त्याच बाजूला न्या. पंखाला टेकू दिल्यासारखी.

जयसिंगपूरचा_पप्पा
आभारी आहे. खोडव्याचं रान आहे मेव्हण्याचं, विचारतो. मुलगी जरा रुसलीय, पण रंग ती देणार म्हणून तयार झाली. मोडलं तर फेविक्विक चालेल का?

जुना_बाल्सा
ईपीपीला चालतं. साध्या थर्मोकोलला लावू नका, विरघळून भोक पडतं. तिथं ग्लू गन, तीही कमी गरम. रंग पातळ द्यायला सांगा तिला, शेपटीकडे तर अगदीच थोडा. नाहीतर तोल पुन्हा तपासावा लागेल.