फिक्स्ड प्राइसवर सॉफ्टवेअरचं काम घ्यावं का? भोसरीच्या क्लायंटसाठी सल्ला हवा

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मिळून सॉफ्टवेअरची कामं करतो. आजवर सगळी तासाच्या दराने, बहुतेक परदेशातल्या लोकांसाठी. आता भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपकडून विचारणा आलीय. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्या कारखान्याकडून काम करून घ्यायला बाहेर जाणारा माल, त्याची चलनं (मालासोबत जाणारे कागद), परत आलेले नग, रिजेक्शन आणि शेवटी सगळं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मालक म्हणतात, "तासांचं मला सांगू नका, एक आकडा बोला." पार्टनरचं म्हणणं, अंदाज काढू, दुप्पट करू आणि देऊन टाकू. मला धास्ती वाटते. फिक्स्ड प्राइसवर कुणी काम करतंय का? करारात काय घालता, हप्ते कसे पाडता?

बाणेर_ते_बिबवेवाडी
करतो, आणि परत तासावर जायची इच्छा नाही. तासाच्या दरात भराभर काम उरकणाराच मार खातो.

पण दुप्पट करून काही साधत नाही. सॉफ्टवेअरच्या अंदाजांचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्येच मांडलंय की अगदी सुरुवातीचा अंदाज चौपटीपासून पाव पटीपर्यंत कुठेही जाऊ शकतो. कारण तेव्हा नेमकं काय बनवायचंय हेच ठरलेलं नसतं. तुमचीच यादी घ्या. चलन नुसतं छापायचंय, की कुठल्या चलनातले किती नग परत आले याचा मेळही घालायचाय? एका चलनाचा माल तीन खेपांत येतो. पुढच्या ऑपरेशनसाठी तो कधी तिकडूनच परस्पर दुसऱ्या जॉबवर्करकडे जातो. जीएसटीत कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पुरवठा, म्हणजे माल विकल्यासारखाच धरतात, म्हणून मुदत संपत आल्याचा इशारा हवा. मग आयटीसी-०४ चा, म्हणजे जॉबवर्कच्या मालाच्या जीएसटी फॉर्मचा रिपोर्ट हवा. मालक म्हणणार, हे सगळं चलनातच आलं की!

म्हणून आधी फक्त अभ्यासाचं काम विका. लहान, वेगळ्या ठरलेल्या रकमेचं, पैसे आगाऊ. त्यातून त्यांच्या हातात स्क्रीनचे कच्चे आराखडे, त्यांच्याच जुन्या चलनांवरून केलेले रिपोर्टचे नमुने आणि यात काय *येणार नाही* याची यादी द्यायची. ती यादी सगळ्यात महत्त्वाची. कागद त्यांचे, हवं तर दुसऱ्याकडून काम करून घेऊ देत. मोठा आकडा त्यानंतरच.

लेथवाला
मी टेबलाच्या पलीकडचा, भोसरीतच आहे. अभ्यासाचे पैसे म्हटलं की आमच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण हातात काय पडणार तेच कळत नाही. मालकाला आमच्या भाषेत सांगा. ड्रॉइंगशिवाय कुणी रेट मागायला आला तर आम्ही चहा पाजून परत पाठवतो. मटेरियल कुठलं, टॉलरन्स किती, नग किती हे कळल्याशिवाय आकडा बोलत नाही, आणि पहिला नग पास झाल्याशिवाय लॉट चालू करत नाही. तुमचंही तसंच: आधी ड्रॉइंग, मग रेट, मग एक स्क्रीन पास करून घ्या. लगेच पटेल.

आणखी एक. चलन मालक लिहीत नाही, स्टोअरचा माणूस लिहितो. त्याच्याशेजारी बसा. फक्त महिनाअखेरीला जाऊ नका, डिस्पॅचच्या गडबडीत कुणी विचारणार नाही.

हिंजवडी_फेज_३
वरच्या बऱ्याच गोष्टींना +१, पण टॅलीची जोडणी फिक्स्डमध्ये घेऊच नका. प्रत्येक कंपनीच्या टॅलीत कुणीतरी टीडीएल (टॅलीची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहून बदल केलेले असतात, लेजरची, म्हणजे खात्यांची नावं मनाला येतील तशी. उघडून बघेपर्यंत काही सांगता येत नाही. तेवढा भाग तासाच्या दराने, वर कमाल मर्यादा घालून. बाकी सगळं फिक्स्ड.

सर्व्हर आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा खर्च त्यांच्या नावावर, त्यांच्या कार्डावर. व्हॉट्सअ‍ॅपवाली मेटा दर बदलणार आणि तुम्ही का भरायचं?

पार्टटाइम_सीए
मी पैशांपुरतंच बोलतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) आहे का? नसेल तर आधी करा, फुकट आहे. एमएसएमई (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम त्यांना प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. व्याजाला कुणी भीत नाही, पण या शेवटच्या मुद्द्यावर त्यांचा सीएच तुमच्या बिलाची आठवण करून देतो.

काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असंच हा कायदा धरतो. करारातही तसंच लिहा, म्हणजे 'बघून सांगतो' म्हणत कुणी महिनोन्‌महिने लटकवणार नाही.

आणि 'एक आकडा' बोलाल तेव्हा '१८ टक्के जीएसटी वेगळा' हे त्याच दमात बोला. बिलात जीएसटी वेगळा दाखवलात तर टीडीएस मूळ रकमेवरच कापतात. जीएसटी नोंदणी नसेल तर ती बंधनकारक होण्याच्या २० लाखांच्या मर्यादेत परदेशी कामांची उलाढालही धरतात, तेवढं तपासा.

वकिली_कट्टा
कॉपीराइटबद्दल कुणीच बोललं नाही. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचा मालक मुळात लिहिणाराच असतो. हक्क द्यायचे तर ते लेखीच, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं धरतात. तेव्हा स्पष्ट लिहा: शेवटचा हप्ता जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित. वसुलीला यासारखा दुसरा उपाय नाही.

ते उशिराबद्दल दंडाचं कलम टाकतीलच. दंडाला कमाल मर्यादा घाला, आणि त्यांच्याकडून माहिती येण्यात गेलेले दिवस वगळा. कराराचा स्टॅम्प पेपर ५०० चा, १०० चे दिवस गेले.

बाणेर_ते_बिबवेवाडी
हप्त्यांचं राहिलंच. मी ३० टक्के आगाऊ घेतो आणि मधले हप्ते तारखेवर न लावता चालू करून दाखवलेल्या भागावर लावतो: चलन झालं, मेळ झाला, रिपोर्ट झाले. शेवटी १० टक्क्यांहून जास्त अडकू देत नाही. बदल सांगितला तर त्याचे पैसे आणि वाढीव दिवस लिहून पाठवायचे, होकार आल्याशिवाय कोडला हात नाही. फोनवर ठरलं तर त्याच संध्याकाळी ईमेल. पहिला बदल फुकट केलात की संपलं.

कर्वेनगरी
सर्वांचे आभार. लेथवाल्यांचं ड्रॉइंग पार्टनरलाही पटलं. टॅली वेगळं काढतोय. एकच शंका: अभ्यासाची रक्कम मोठ्या कामातून वजा करून द्यावी का? मालक ते मागणार हे नक्की.

हिंजवडी_फेज_३
अजिबात नको. केलेल्या कामाचे पैसे आहेत ते.

लेथवाला
द्या हो. निम्मी वजा करा, तीही महिन्याभरात ऑर्डर दिली तरच. मालक घासाघीस केल्याशिवाय सही करणार नाही, त्याला काहीतरी सोडायला ठेवा.