पूर्व हवेली (पुणे जिल्हा): रस्त्याकडची जमीन विकून मागची बागायत टिकेल का?

उसाचा_फड: उरुळी कांचन पट्टा, मुठा उजव्या कालव्याखालची ११ एकर, सातबारा चार भावांचा सामाईक. रस्त्यालगतचे ३ एकर प्लॉटिंगला द्यायचे, उरलेल्या ८ एकरांत ऊस चालू ठेवायचा. आधी काय तपासावं?

बांधकोर: झोन दाखला, म्हणजे जमीन शेतीसाठी ठेवलीय की निवासी, ते सांगणारा कागद. प्रादेशिक योजनेत शेती झोन असेल तर प्लॉटिंगवाला ‘एनए (बिगरशेती) होऊन जाईल’ म्हणतो, त्यावर एक रुपयाही घेऊ नका. झोन निवासी असेल तर आधी भावांचं वाटप, मग मोजणी करून तीन एकरांचा पोटहिस्सा वेगळा, मगच विक्री. उलटं केलं की गुंठ्या-गुंठ्याचे खरेदीदार तुमच्याच सातबाऱ्यावर सामाईकात चढतात. शेती झोनात तर तुकडेबंदी कायद्यात बागायतीचं प्रमाणभूत (किमान) क्षेत्र १० गुंठे, म्हणून एक-दोन गुंठ्यांचा वेगळा सातबारा निघत नाही. पुढे पीककर्ज असो की मोजणी, त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरा!

चारीवाला: खरं मरण पाण्याचं आणि वाटेचं. प्लॉटिंगचा नकाशा काढणारा शेतचारी (कालव्याचं पाणी शेतात नेणारा पाट) बघतच नाही. मग भिंतीखालून सहा इंची पाइप टाकतात, तो एका पावसाळ्यात गाळानं बुजतो. किमान दोन फुटी सिमेंटचा पाइप, वळणावर आणि मध्ये-मध्ये झाकणाचे चेंबर, साफसफाई कोणाकडे, हे सगळं खरेदीखतात लिहून घ्या. उसाच्या दोन ट्रॉल्या वळतील एवढा रस्ताही नकाशावर दाखवून तुमच्या नावे ठेवा. तोंडी वहिवाट प्लॉटधारक मानत नाहीत. अडवलीच, तर मामलेदार कोर्ट अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. मुदत गेली की दिवाणी कोर्ट.

उसाचा_फड: शेजारचे म्हणतात, सगळे मिळून पुण्याच्या मगरपट्टा सिटीसारखं करू.

बांधकोर: तिथे सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकर एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे शेअर घेतले. मालकी राहिली, ऊस राहिला नाही. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माणच्या नगररचना योजनेतही मालकांना सुमारे निम्मं क्षेत्र परत, तेही बांधकामाचे प्लॉट म्हणून. शेतीच करायची तर दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत. त्यापेक्षा शेजाऱ्यांशी एवढंच ठरवा, की विकायचं ते सगळ्यांनी रस्त्याच्या अंगाचं विकायचं आणि चारीखालचा पट्टा सलग ठेवायचा. मध्येच एकाने विकलं तर खालच्यांचं पाणी त्याच्या कुंपणाशी अडतं.

चारीवाला: आणि सांडपाणी! प्लॉटांचं गटार चारीत सोडणार नाही, हेही खरेदीखतातच.